वाचकांचे प्रश्न : हुरहुर लागते तेव्हा

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कारणांनी लिहिलेली असली, तरी त्यांतील दुखणे एकाच जातीचे आहे. कोणीतरी किंवा काहीतरी आता जवळ नाही. त्याच्या आठवणीने बरेही वाटते आणि जीव कासावीसही होतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी होत असल्यामुळे लिहिणारा गोंधळतो. तिन्ही पत्रलेखक सोलापूर शहराचे किंवा जिल्ह्याचे आहेत आणि आपले नाव छापू नये, अशी तिघांचीही विनंती आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून पत्रे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो. घराच्या मागच्या अंगाला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. लग्न होऊन आल्यापासून कांड्या भरण्याचे काम मी केले आणि माग यजमान चालवत असत. दीड वर्षापूर्वी यजमान गेले. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला या धंद्यात रस नाही आणि त्यात त्याची काही चूकही नाही. दिवाळीनंतर आम्ही माग भंगारात, वजनावर दिले. तेव्हापासून मला रात्री नीट झोप लागत नाही. घरात इतकी शांतता मी आजवर कधी ऐकलेलीच नव्हती. शेजारच्या बोळातील माग सुरू झाले की मी खिडकी उघडून बसते. तो खडखडाट कानावर पडला की बरे वाटते आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी येते. मला लाज वाटते ती अशी, की यजमानांच्या फोटोसमोर बसून मला जेवढे रडू येत नाही, तेवढे त्या आवाजाने येते. मला माणसापेक्षा लोखंडाची आठवण जास्त येते का? मुलगा म्हणतो की घर विकून टाकू आणि तू पुण्याला ये. सून स्वभावाने चांगली आहे. मी काय करावे, आणि हा काही आजार आहे का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचे तुमच्या मनाला लागणार नाही. माणूस गेल्यानंतरचा शोक बराच काळ तीव्रच राहिला, तर आज वैद्यकशास्त्र त्याला स्वतंत्र विकार मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी ती बारा महिन्यांची आहे. तुमचे दीड वर्ष या दोन्हींच्या पुढे गेले आहे, पण तेवढ्यावरून घाबरू नका. नुसत्या महिन्यांवर हे ठरत नाही. जवळजवळ रोज ती ओढ इतकी असह्य होते का, की घरचे काम, लोकांशी बोलणे, जेवणखाण थांबते? ते गेले आहेत हेच अजून खरे वाटत नाही, असे होते का? आता जगण्यात काही अर्थ उरला नाही, असे सतत वाटते का? तुमच्या पत्रात मला या खुणा दिसल्या नाहीत. उलट मुलाची चूक नाही आणि सून चांगली आहे, हे नमूद करण्याइतके तुमचे मन जागेवर आहे. झोपेची तक्रार मात्र अंगावर काढू नका. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे, तेथे एकदा दाखवून या; आणि एखाद्या रात्री फारच जड गेले तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आता लाजेविषयी. फोटो एका दिवशी काढलेला असतो, त्या दिवशीही माणूस अवघडून बसलेला असतो, आणि भिंतीवर लागल्यानंतर रोज दिसून दिसून तो दिसेनासा होतो. मागाचा आवाज आठवण म्हणून कोणी जपून ठेवलेला नव्हता. इतकी वर्षे तुम्ही स्वयंपाकघरात असताना माग चालू आहे याचा अर्थ यजमान मागच्या खोलीत उभे आहेत, असा होता. एक माग थांबला की धागा तुटला असणार आणि ते वाकून गाठ मारत असणार, हे तुम्हाला न बघता कळत होते. पुन्हा खडखडाट सुरू झाला की गाठ बसली, हेही कळत होते. म्हणजे तो आवाज दिवसभर त्यांचीच खबर तुमच्यापर्यंत पोहोचवत होता. तुम्ही लोखंडासाठी रडत नाही, ताई. ती खबर येणे बंद झाले आहे आणि शेजारच्या बोळातून दुसऱ्या कोणाची तरी खबर येते आहे, म्हणून एकाच वेळी बरे वाटते आणि रडू येते.

झोप का उडाली, याचेही कारण यातच आहे. सततच्या आवाजाची आपल्या मेंदूला सवय होते आणि मग त्याला जाग येते ती आवाज थांबल्यावर. रात्रीच्या गाडीत गाढ झोपलेला प्रवासी गाडी स्टेशनबाहेर सिग्नलला थांबली की डोळे उघडतो, तसेच हे आहे. ज्या शांततेत इतरांना झोप येते, ती तुमच्या शरीराला अजून काहीतरी बिघडल्याची सूचना वाटते. ही सवय हळूहळू सुटते, आणि सुटेपर्यंत रात्री पंखा जरा मोठ्याने चालू ठेवला तरी उपयोग होतो. उपाय अगदी साधा आहे, पण तो कमी प्रतीचा मानू नका.

आठवणीने बरे वाटणे हा आपला दोष आहे, असेही समजू नका. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भावनेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की गतकाळाची ओढ बहुधा मन उदास असताना, विशेषतः एकटेपणा वाटत असताना जागी होते. आणि ती जागी झाल्यानंतर आपण कोणाचे तरी आहोत, आपल्याला माणसे आहेत, ही जाणीव वाढते. थोडक्यात, एकटेपणामुळे ती येते आणि एकटेपणावरच काम करते. हे वाचताना मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. सासरी दळण दळताना बाई माहेर गाऊन घेत असे. त्यामुळे माहेर जवळ येत नव्हते, पण मनातले बाहेर पडत होते आणि पीठही निघत होते. वारकरी परंपरेत तर विरहिणी हा रचनेचा एक स्वतंत्र प्रकारच आहे आणि त्या रचना गाताना त्यांतील विरह नाहीसा व्हावा, अशी कोणाची अपेक्षा नसते. या परंपरेने हुरहुरीला औषध शोधले नाही. तिला हाताला काम दिले आणि वेळ नेमून दिली. माझ्या मते यात पुष्कळ शहाणपण होते.

तेव्हा खिडकी उघडून बसणे बंद करू नका, फक्त त्याची वेळ ठरवा, आणि ती शक्यतो संध्याकाळची असू द्या, झोपायच्या आधीची नको. एखादा धोटा (मागात आडवे सूत नेणारा) किंवा रिकाम्या कांड्या घरात राहिल्या असतील, तर त्या भंगारात जाऊ देऊ नका. शेजारचे मागवाले ओळखीचे असतील तर त्यांच्याकडे थोडा वेळ जाऊन बसा. बाईमाणूस कारखान्यात कशाला, असे पूर्व भागात तरी कोणी म्हणणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. हुरहुर हिशेब नीट ठेवत नाही. धोट्याच्या मागाचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि अशा आवाजात वर्षे काढणाऱ्यांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागते. नाकातोंडात जाणारा कापसाचा तूस, सुताचे वाढलेले भाव, थकलेली येणी, वीज गेली की बुडणारी पाळी, हे सगळे त्याच आवाजासोबत होते आणि ते आता तुम्हाला आठवत नसेल. त्यामुळे मुलाशी बोलताना त्या दिवसांचे नुसते गोड चित्र उभे केले, तर 'तू धंदा सोडलास म्हणून हे गेले' असा आरोप त्याला त्यात ऐकू येईल. त्याला कष्टाचेही सांगा. वडील कोणत्या दिवशी चिडत, कोणत्या दिवशी थकून जेवायचे टाळत, हेही सांगा. या गोष्टी फोटोत नाहीत आणि तुमच्याशिवाय त्या त्याला दुसरे कोणी सांगणार नाही.

घर मात्र आत्ता विकू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. माग गेल्यानंतर वर्ष व्हायच्या आत घरही गेले, तर तुम्ही नेमके कशासाठी रडता आहात, हे तुम्हालाच उमगेनासे होईल. दोनतीन महिने पुण्याला राहून बघा. घर कुलूप लावून ठेवा. मागची जागा रिकामी आहे आणि तेथे थ्री-फेजची जोडणी अजून असेल, तर ती एखाद्या कारखानदाराला अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देता येईल का, याचाही विचार करा. भाडे येईल आणि आवाजही परत येईल. तो परका आवाज तुम्हाला सोबत वाटेल की सलेल, हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच करार मोठ्या मुदतीचा करू नये.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा आहे आणि चार वर्षांपासून पुण्यात नोकरी करतो. पुण्यात असताना मला सोलापूरची इतकी आठवण येते की शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसेपर्यंत दम निघत नाही. पण घरी पोहोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच कंटाळा येऊ लागतो. मित्र सगळे बाहेरगावी गेले आहेत. यंदा खास गड्ड्याच्या यात्रेसाठी रजा काढली, होम मैदानावर तासभर फिरलो आणि उगाच आलो, असे वाटले. परत पुण्याला गेलो की सोमवारपासून पुन्हा तीच ओढ सुरू होते. मी स्वतःलाच फसवतो आहे का?

उत्तर : फसवत नाही, पण तुम्ही तिकीट काढता ते एका गावाचे, आणि तुम्हाला जायचे असते एका वर्षात.

घराच्या ओढीला युरोपात एके काळी रीतसर आजार मानले जात असे. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुणाने बासल येथे वैद्यकाचा प्रबंध लिहून परदेशी राहणाऱ्या स्वीस माणसांच्या या दुखण्याचे वर्णन केले आणि रुग्णाला घरी पाठवणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज मानला गेला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १७९८ मध्ये, इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने त्यावर एक मार्मिक निरीक्षण नोंदवले : असे लोक घरी परततात तेव्हा त्यांची निराशा होते आणि तीच त्यांना बरे करते. सगळे बदलून गेले आहे असे त्यांना वाटते, पण खरे कारण असे असते की त्यांना तेथे आपले तरुणपण परत मिळत नाही. तुम्ही सव्विसाव्या वर्षी या अनुभवाला पोहोचलात, हे जरा लवकरच झाले. पण आता शिक्षण संपता संपता गाव सुटते, त्याला इलाज नाही.

सोलापुरात ही गोष्ट नवीनही नाही. तुमच्या आजोबांच्या पिढीतील कोणाशीही बोलून बघा. त्यांचे सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे आणि झोपणारे होते. लक्ष्मी-विष्णू गिरणी १९९० च्या दशकात बंद पडली, तेव्हा ज्यांचे वय पन्नास होते त्यांना तुमचे आवडते सोलापूर हे मूळ गावाचे उरलेसुरले अवशेष वाटत असणार. तुमच्या ओढीचे सोलापूर त्यांना आपले वाटले नसणार आणि त्यांचे तुम्ही पाहिले नाही.

मग पुण्यात नेमके काय चुकते? मला वाटते, खाण्यापिण्याचे फारसे नसावे. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आता पुण्यातही मिळते आणि ती खाऊनही तुमचा प्रश्न सुटलेला नाही. बहुधा बोलणे चुकत असावे. सोलापुरात एकाच बाकड्यावर मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू ऐकू येते. एका भाषेत सुरू झालेले वाक्य दुसरीत संपते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. 'का बे' म्हटल्यावर दचकून न बघणारी माणसे तुम्हाला पुण्यात रोज भेटत नाहीत. चार वर्षे सतत जपून, नीटनेटके मराठी बोलत राहिल्याने जी दमणूक होते, तिला तुम्ही गावाची आठवण म्हणत असाल. तसे असेल तर ती गरज पुण्यातच, तुमच्यासारख्याच चारदोन सोलापूरकरांसोबत भागू शकते, आणि तुमचे सगळे मित्र बाहेरगावी आहेत असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांतील काही तरी पुण्यातच असतील.

गड्ड्याविषयी एवढेच सांगते, की जो नुसता बघायला जातो त्याला तो दर वर्षी लहान झालेला दिसतो. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज पेलणारे लोक आधी कितीतरी दिवस सराव करतात आणि मग पांढरी बाराबंदी घालून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पूर्वीची यात्रा राहिली नाही, असे तेही म्हणत असतील. पण त्यांच्या खांद्यावर ओझे असल्यामुळे उगाच आलो, असे मात्र त्यांना वाटत नसावे. पुढच्या खेपेला घरच्या एखाद्या रेंगाळलेल्या कामासाठी या. वडिलांच्या बँकेचे काम, गच्चीची गळती, काहीही चालेल.

प्रश्न : बार्शी तालुक्यातील आमच्या गावातून माझा थोरला भाऊ नऊ वर्षांपूर्वी कोणाला न सांगता निघून गेला. तेव्हापासून काहीही कळलेले नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. अजूनही संध्याकाळची एसटी आली की उठून दारात जाते. काका म्हणतात की आता तो गेला असे समजून त्याचे क्रियाकर्म करून घ्या, म्हणजे सातबाऱ्याचाही प्रश्न मिटेल आणि आईलाही मोकळे वाटेल. आईला हे सांगण्याची माझी हिंमत होत नाही. आणि खरे सांगायचे तर उद्या तो दारात उभा राहिला तर मला आनंद होईल की राग येईल, हे माझे मलाच कळत नाही.

उत्तर : दोन्ही होईल, आणि त्यात काही गैर नाही. नऊ वर्षे आईचे, शेतीचे आणि लोकांच्या प्रश्नांचे सगळे तुम्ही एकट्याने पाहिले आहे.

पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांशी बोलून अशा परिस्थितीचा स्वतंत्र विचार मांडला. माणूस घरात नाही, पण गेला असेही नक्की नाही. अशा वेळी शोक सुरूही करता येत नाही आणि संपवताही येत नाही. त्यांचे म्हणणे असे की या घरांना 'आता सोडून द्या' असे सांगणे क्रूरपणाचे ठरते, कारण सोडायचे काय, हेच तेथे ठरलेले नसते. त्याऐवजी 'कदाचित तो येईल आणि कदाचित येणार नाही' ही दोन्ही वाक्ये एकत्र धरून जगायला शिकणे, एवढेच हाती असते. तुमची आई दारात जाते आणि मग आत येऊन स्वयंपाकाला लागत असेल, तर ती हे केव्हाच शिकली आहे. 'आईला मोकळे वाटेल' हे काकांचे म्हणणे मला पटत नाही. मोकळे बहुधा काकांना वाटेल.

काकांना परंपरेचाच आधार हवा असेल, तर बेपत्ता माणसासाठी बारा वर्षे वाट पाहावी आणि त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यविधी करावा, असा जुना संकेत आहे. म्हणजे रूढीनेही त्यांची घाई तीन वर्षे आधीची आहे.

जमिनीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विधीला बांधण्याचे कारण नाही. ज्यांना एखाद्या माणसाची खबर सहज मिळायला हवी होती, त्यांना ती सात वर्षे मिळाली नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, असे पुराव्याचा कायदा सांगतो. त्या आधारावर दिवाणी न्यायालयाकडून घोषणा मागता येते. त्यासाठी तो बेपत्ता झाल्याची पोलीस ठाण्यातील नोंद हा महत्त्वाचा कागद ठरतो. नऊ वर्षांपूर्वी तक्रार दिली होती की नुसती तोंडी चौकशी केली होती, हे आधी तपासा आणि मग बार्शीच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांना भेटा. कायद्याचे हे अनुमान खोडता येण्याजोगे असते, म्हणजे तो परत आला तर ते गळून पडते. आईशी बोलताना हीच गोष्ट आधी सांगा : हा कागद सातबाऱ्यासाठी आहे, तिने काय मानावे यासाठी नाही. भावाच्या वाटणीचे काय करायचे, हे तिच्यासमोर बसून ठरवा आणि वकिलांकडून लेखी करून घ्या. क्रियाकर्माचा विषय तिने काढला तरच तुम्ही बोला, आणि हे काकांना मात्र तुम्हीच सांगायला हवे. ते आईवर सोडू नका.